मगर, चाबूक आणि कोर्टाची तारीख

गेल्या संक्रांतीला आमच्या महिला मंडळात एक वेगळाच बेत ठरला. दरवर्षीचं ठरलेलंच असतं. उखाणे, संगीत खुर्ची, तिळाच्या वड्यांची स्पर्धा. या वेळी तरुण सुना म्हणाल्या, ‘‘काकू, आपण सगळ्या मिळून एखादा जुना पिक्चर बघू या ना!’’ अध्यक्षाबाईंच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे. त्यांच्या नातवाने मोबाइलवरून काहीतरी जोडून दिलं आणि जमलेल्या पंचवीसेक जणींनी एकमताने निवड केली ‘खून भरी माँग’ची. १९८८ चा सिनेमा. मी तो लहानपणी गल्लीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला होता, आईच्या मांडीला टेकून. मगर आली तेव्हा डोळे गच्च मिटून घेतले होते.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. रेखा म्हणजे दोन मुलांची श्रीमंत, साधीभोळी विधवा. चेहऱ्यावर मोठा डाग. दुसरा नवरा कबीर बेदी. लग्न झाल्याबरोबर इस्टेटीसाठी तो तिला नावेतून थेट मगरीच्या तोंडी ढकलतो. ती वाचते, प्लॅस्टिक सर्जरी करून घेते आणि नवा चेहरा, नवं नाव घेऊन, चक्क मॉडेल बनून परत येते. कशाला? अर्थातच सूड घ्यायला!

लहानपणी ज्या प्रसंगाला मी घाबरले, त्याच प्रसंगाला या वेळी हॉलमध्ये खसखस पिकली. ‘‘अगं, ही मगर आहे की आमच्या माळ्यावरची वळकटी?’’ असं एकीने विचारलं आणि मग कुणाला धरबंधच राहिला नाही. पुढे कबीर बेदीला समोर उभी असलेली स्वतःची बायको ओळखू येत नाही, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘चेहरा बदलला हे ठीक. पण आवाज तोच, उंची तीच, हात तेच. याने बायकोकडे कधी नीट बघितलंच नसणार.’’ मागून लगेच आवाज आला, ‘‘त्यात नवल काय? मी चष्मा बदलला तर आमच्याकडे चार महिने पत्ता नव्हता!’’

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. रेखा हातात चाबूक घेऊन निघाली तेव्हा तर टाळ्या आणि शिट्ट्यासुद्धा झाल्या. (शिट्टी कुणी वाजवली ते सांगणार नाही. पण त्यांना दोन नातवंडं आहेत!)

एक जण मात्र हसत नव्हती. मंडळाच्या पापड-कुरडयांच्या कामावर येते, तिशीतली आहे. भिंतीला टेकून शांतपणे बघत होती. जाताना वाण घ्यायला माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, ‘‘तिचं बरं आहे ताई. तिला नवं तोंड मिळालं. मला याच तोंडाने त्याच नळावर पाणी भरायला जावं लागतं.’’

माझं हसू तिथेच विरलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गल्लीतल्याच एका माणसाने भर दुपारी, घरात कुणी नसताना, दारात येऊन तिचा हात धरला होता. तिने आरडाओरडा केला आणि संध्याकाळी नवऱ्याला घेऊन पोलीस ठाणं गाठलं. विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला. खटला सुरू आहे, म्हणजे तारखा सुरू आहेत. तो जामिनावर बाहेर आहे आणि रोज तिच्या दारावरून स्कूटर नेतो, मुद्दाम हॉर्न वाजवत.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण हसलो ते चुकलं का, असं सारखं वाटत राहिलं. मग आठवत गेले असे कितीतरी सिनेमे. सूडाचे, न्याय स्वतःच्या हातात घेण्याचे, अगदी गंभीर चेहऱ्याने काढलेले आणि आज बघताना हसू आणणारे.

पण त्यांना हसण्याआधी ते आले कुठून, हेही आठवायला हवं. १९७२ मध्ये आपल्या विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही, असा एकंदर सूर होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेली स्त्री ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने ते आधी खरं धरायचं, हे तेव्हापासून आलं. अत्याचाराचा खटला बंद दाराआड चालवायचा, पीडितेचं नाव छापायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

याच काळात, १९८० मध्ये, बी. आर. चोप्रांचा ‘इन्साफ का तराजू’ आला. झीनत अमानवर राज बब्बर अत्याचार करतो, ती कोर्टात जाते, हरते. आरोपीचे वकील आपले डॉ. श्रीराम लागू! त्यांच्या तोंडचे ते बोचरे प्रश्न ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पुढे तोच माणूस तिच्या लहान बहिणीच्या, म्हणजे पद्मिनी कोल्हापुरेच्या वाट्याला जातो. मग झीनत बंदूक उचलते. त्यानंतर रांगच लागली. १९८७ मध्ये एन. चंद्रांचा ‘प्रतिघात’. भर रस्त्यात गुंडाने विटंबना केलेली प्राध्यापिका शेवटी त्याच्याच सत्काराला व्यासपीठावर जाते आणि कुऱ्हाड चालवते. १९८८ मध्ये ‘जख्मी औरत’. त्यात डिंपल कपाडिया स्वतः पोलीस इन्स्पेक्टर असूनही न्याय मिळत नाही. मग ती इतर पीडित बायकांना एकत्र करते आणि अत्याचारी पुरुषांना धरून आणून त्यांची कायमची ‘शस्त्रक्रिया’ करायचा सपाटा लावते. गंमत म्हणजे यात तिच्या बाजूचा वकील, तिचा प्रियकर, पुन्हा राज बब्बरच! आठ वर्षांत माणूस इतका सुधारलेला मी फक्त सिनेमातच पाहिला.

हे सिनेमे हवेतून पडले नव्हते. कोर्टाने ऐकलं नाही, पोलिसांनी नोंदवलं नाही, असं बायकांच्या मनात साठलेलं होतं. पडद्यावर कुऱ्हाड चालली तेव्हा खुर्चीतल्या बाईने सुटकेचा श्वास टाकला असेल, तर तिला नावं कशी ठेवायची?

मग हसू का येतं? मी विचार करत बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. हसू नेमकं तिथे येतं, जिथे सिनेमाने काहीतरी अवघड वगळून सोपं करून टाकलेलं असतं.

कोर्टच घ्या. सिनेमातले न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणतात. आपल्याकडच्या कोर्टात हातोडा नसतोच. गीतेवर हात ठेवून शपथ घेणंही नसतं. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराला स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक ‘खरं सांगेन’ एवढंच म्हणायचं असतं. वकील साक्षीदाराच्या अंगावर ओरडत फेऱ्या मारत नाहीत. ऐनवेळी दार उघडून ‘थांबा’ म्हणत कुणी साक्षीदार धावत येत नाही. आणि एका दुपारी निकाल तर कधीच लागत नाही. दिग्दर्शकाला तारखा दाखवायच्या नसतात, म्हणून हातोडा दाखवतो. आपण हातोड्याला हसतो, पण ज्या बाईने खऱ्या तारखा केल्यात, तिला त्यातलं काय गळलंय ते बरोबर कळतं.

तीच गोष्ट पोलिसांची. सगळी मारामारी संपली, खलनायक गतप्राण झाला की सायरन वाजवत जीप येते. आपण म्हणतो, ‘‘आले बघा, पंचनाम्यापुरते!’’ आपल्याला हे हसू इतकं सहज येतं, कारण उशिरा येणाऱ्या मदतीचा अनुभव घरोघरी आहे.

आणि पुरुषांचे सूडपट? तिथे तर वेगळीच तऱ्हा. सिनेमात नायकाची बहीण पहिल्या अर्ध्या तासात राखी बांधायला लागली, आणि भाऊ तिच्या लग्नाच्या गोष्टी बोलायला लागला, की आमच्या घरात मुलं ओरडतात, ‘‘गेली! मध्यंतराच्या आत गेली!’’ आणि खरोखरच जाते. बिचारीचं काम तेवढंच. तिच्यावर संकट कोसळायचं, तिने डोळे मिटायचे आणि भावाने पुढचे दोन तास गोळ्या झाडायच्या.

हे फक्त हिंदी सिनेमातच आहे असं नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये ‘डेथ विश’ नावाचा सिनेमा आला. न्यूयॉर्कमधला एक वास्तुविशारद, चार्ल्स ब्रॉन्सन. गुंड घरात शिरून त्याच्या बायकोला मारतात, मुलीवर अत्याचार करतात. मग तो रात्री रस्त्यावर फिरून दिसेल त्या लुटारूला गोळ्या घालत सुटतो. गंमत बघा, ज्यांनी घरात शिरून हे केलं ते त्याला सापडतच नाहीत. ज्यांच्या १९७२ च्या कादंबरीवरून तो सिनेमा काढला ते ब्रायन गारफील्ड नाराज झाले. सूड घेणारा माणूस स्वतःच बिघडत जातो हे त्यांना सांगायचं होतं आणि पडद्यावर तो हिरो झाला. त्यांनी १९७५ मध्ये दुसरी कादंबरीच लिहिली. सिनेमावाल्यांनी मात्र १९९४ पर्यंत आणखी चार भाग काढले. तिसऱ्या भागात तर ब्रॉन्सनसाहेब घरातल्या घरात चक्क रॉकेट झाडतात! लोक हसणार नाहीत तर काय करतील? पण मला प्रश्न पडतो तो त्या मुलीचा. तिचं पुढे काय झालं, तिला रात्री झोप लागायची का, हे कुणाला बघायचंच नव्हतं.

आपल्याकडे याचा कळस म्हणजे १९९८ चा ‘गुंडा’. दिग्दर्शक कांती शाह, नायक मिथुन चक्रवर्ती. गोष्ट तीच, घरच्यांना मारणाऱ्यांचा एकेक करून निकाल. पण यातले खलनायक बुल्ला, इबू हटेला, लंबू आटा अशा नावांचे आणि स्वतःची ओळख यमक जुळवून करून देणारे. आपल्याकडे नव्या नवऱ्या उखाणा घेतात ना, अगदी तसं! माझा भाचा आणि त्याचे मित्र तो सिनेमा जमून बघतात आणि प्रत्येक वाक्याला लोळून हसतात. मीही त्यांच्यात बसून पाहिला, हसलेही. मग लक्षात आलं, की या सिनेमात बायकांवर जे जे होतं, त्यालाही आम्ही त्याच ओघात हसून मोकळे होतोय. तेव्हा मी उठून चहा टाकायला गेले. भाच्याने विचारलं, ‘‘मावशी, काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही रे, यमक जुळलं नाही.’’

आता एक खरी घटना सांगते. तिच्यात हसण्यासारखं काहीच नाही. नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षं दहशत बसवली होती. खून, खंडणी, बायकांवर अत्याचार. तक्रारी करून उपयोग होत नव्हता, असं वस्तीतले लोक सांगत. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला कोर्टात आणलं असताना जमाव आत शिरला. त्यात वस्तीतल्या बाया होत्या. तिखटाची पूड, चाकू. कोर्टातच त्याचा जीव गेला. देशभर बातमी झाली. त्यावर २०२१ मध्ये ‘२०० हल्ला हो’ हा सिनेमा आला, त्यात अमोल पालेकर आणि आपली रिंकू राजगुरू आहेत.

सिनेमा असता तर मूठ आवळलेला हात दाखवून ‘समाप्त’ची पाटी आली असती. प्रत्यक्षात काय झालं? पकडलेल्या लोकांवर खटला चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी ते सुटले. म्हणजे दहा वर्षं. ज्या वस्तीला आधी न्यायासाठी कोर्ट मिळालं नाही, तिथल्याच लोकांना आरोपी म्हणून दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्या बायांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. पण ‘बघा, अशीच अद्दल घडवली पाहिजे’ असं टाळी देऊन म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की बाबांनो, ती वेळ त्यांच्यावर का आली ते आधी बघा. कुणीतरी आधीची तक्रार नीट लिहून घेतली असती, तर तिखटाची पूड घरातल्या डब्यातच राहिली असती.

असो. तर मी आमच्या तिच्याबद्दल सांगत होते.

संक्रांत झाल्यावर मंडळाच्या बैठकीत मी तिचा विषय काढला. अर्थात तिला विचारूनच. दोघी-चौघी म्हणाल्या, ‘‘नको बाई, कोर्टाचं लचांड.’’ पण अध्यक्षाबाई ठाम. आम्ही आधी काय करता येतं ते विचारून घेतलं. एक, फौजदारी खटल्यात फिर्यादीची बाजू सरकारी वकीलच मांडतात, त्यासाठी तिला पदरचे पैसे भरावे लागत नाहीत. तिला हे दोन वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं; ती दागिना मोडायच्या विचारात होती. दोन, जामिनावरचा आरोपी फिर्यादीला त्रास देत असेल, तर तसा अर्ज देता येतो आणि त्याचा जामीन धोक्यात येऊ शकतो. आम्ही आठ जणी मिळून ठाण्यात गेलो आणि अर्ज दिला. एकटी बाई गेली की ‘उद्या या’ असतं. आठ जणी गेल्यावर खुर्च्या आल्या.

तिसरी गोष्ट कुठल्या कायद्यात नव्हती. ती शेजारच्या काकूंच्या डोक्यातून निघाली. उन्हाळ्याचं पापडाचं काम आम्ही पंधरा दिवस तिच्या अंगणात हलवलं. पहिल्या दिवशी दुपारी स्कूटर आली. हॉर्न वाजला. बारा-पंधरा बायकांनी एकदम मान वर केली, प्रत्येकीच्या हातात लाटणं. कुणी काही बोललं नाही, कुणी जागची उठली नाही. त्याने स्कूटर वळवायला घेतली ती गडबडीत बंद पडली आणि त्याला ती ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यावी लागली. तेव्हा ती हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग खदखदून. मंडळात आल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नंतर तो हॉर्न बंद झाला. अर्जामुळे की लाटण्यांमुळे, देव जाणे!

तिची साक्ष तिसऱ्या तारखेला झाली. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर, दुसऱ्या तारखेला समोरचे वकील आले नाहीत. दर वेळी सकाळची सातची एसटी, डबा बरोबर, आणि आमच्यापैकी दोघी तिच्यासोबत. साक्षीच्या वेळी न्यायाधीशबाईंनी बिनकामाच्या लोकांना बाहेर थांबायला सांगितलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘‘त्या दिवशी तुम्ही कोणत्या रंगाची साडी नेसला होता?’’ ती म्हणाली, ‘‘आठवत नाही साहेब. पण हात कोणता धरला ते आठवतं.’’ ना हातोडा, ना संगीत. पंखा कुरकुरत होता आणि टंकलेखन करणारी मुलगी तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेत होती.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, ‘‘ताई, त्या पिक्चरमध्ये ती एकटीच होती ना हो? मगरीतून वाचली, तरी शेवटपर्यंत खरं नाव कुणाला सांगायची सोय नव्हती.’’ मी म्हटलं, ‘‘हो गं.’’ ‘‘मला निदान स्वतःच्या नावाने बोलता आलं,’’ ती म्हणाली आणि डब्यातली उरलेली पोळी खायला लागली.

निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल ते मला सांगता येणार नाही. सरकारी वकिलांनीही काही वचन दिलेलं नाही.

मैत्रिणींनो, सूडाचे सिनेमे जरूर बघा. मगरीला हसा, हातोड्याला हसा, यमकं जुळवणाऱ्या गुंडांनाही हसा. हसण्याचा हक्क आपला आहे. फक्त आपल्यात भिंतीला टेकून बसलेली एखादी हसत नसेल, तर पिक्चर संपल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसा. आणि हे लक्षात असू द्या. हद्द कुठलीही असो, जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. अशी फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. अत्याचाराच्या खटल्यात बाईच्या पूर्वचारित्र्यावर घसरायची वकिलांची वाट २००२ च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. ‘इन्साफ का तराजू’मधले ते प्रश्न आज कुणी विचारले, तर हरकत घेता येते. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. संकटात ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा.

पुढच्या संक्रांतीला कोणता पिक्चर लावायचा, यावर मंडळात आत्तापासूनच वाद सुरू झालाय. ती म्हणते, ‘‘‘प्रतिघात’ नको ताई. एखादा विनोदीच लावू, खराखुरा!’’